जबाब लिहिणाऱ्याचे शिक्षण

साहित्याच्या अभ्यासकाला पोलीस भेटतो तो बहुधा पात्र म्हणून. कथा-कादंबऱ्यांत तो उशिरा येतो, दरडावतो, पैसे मागतो, क्वचित माणुसकीने वागतो आणि निघून जातो. तो स्वतः लेखकही आहे, आणि रोज न चुकता लिहिणारा लेखक आहे, ह्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. फिर्याद, जबाब, पंचनामा, ठाण्याची दैनंदिनी, दोषारोपपत्र हे सारे मराठी गद्यच आहे. त्याचे संकेत ठरलेले आहेत, त्याची शैली एका पिढीकडून दुसरीकडे जाते आणि त्यातल्या एखाद्या क्रियापदावर कुणाचे तरी स्वातंत्र्य अवलंबून असते. हे गद्य लिहिणारा कुठे शिकतो, कोणत्या पुस्तकांवर घडतो, आणि ज्यांचे बोलणे तो कागदावर उतरवतो त्यांची भाषा त्याला कितपत शिकवली जाते, हे प्रश्न इथे वऱ्हाडापुरते, म्हणजे मुख्यतः अमरावती आणि अकोला ह्या जिल्ह्यांच्या संदर्भात, विचारायचे आहेत.

वऱ्हाडच का, ह्याचे उत्तर ह्या प्रदेशाच्या विचित्र राजकीय इतिहासात आहे. इथली जमीन, कापूस आणि माणसे जागच्या जागी राहिली, पण त्यांच्यावर अंमल चालवणारी राजधानी बदलत गेली. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले आणि कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाकडे गेला. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला, म्हणजे नागपूरला जोडला गेला. १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य आले, १९६० मध्ये महाराष्ट्र. प्रत्येक बदलाबरोबर फौजदाराच्या शिक्षणाचे ठिकाण बदलले, कायद्याची पुस्तके बदलली, वरिष्ठाशी बोलायची भाषाही बदलली. समोर बसलेला फिर्यादी मात्र तेच वऱ्हाडी बोलत होता.

हिंदुस्थानातील पोलिसांच्या विशेष शिक्षणाचे पहिले पाठ्यपुस्तक शोधायचे तर ते एक शब्दकोश निघते, ही गोष्ट भाषेच्या विद्यार्थ्याला रोचक वाटावी. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या विल्यम स्लीमनचे 'रामासीआना' १८३६ साली कलकत्त्यास छापले गेले. ठगांची म्हणून जी गुप्त बोली त्याने कैदेतल्या माफीच्या साक्षीदारांकडून गोळा केली, तिचा हा कोश. गुन्हेगार ओळखायचा तर त्याची भाषा शिका, असा त्यामागचा विचार. तो विचार वरवर अभ्यासूपणाचा दिसतो. पण ह्या कोशात भाषा येते ती गुन्ह्याची खूण म्हणून. बोलणाऱ्याला काय सांगायचे आहे हे समजून घेण्यासाठी ती इथे शिकली जात नाही. त्याला पकडण्यासाठी शिकली जाते. पुढची शंभर वर्षे पोलिसी भाषाज्ञानाची हीच दिशा राहिली.

वऱ्हाडात ह्या परंपरेचे पुस्तक १८८२ मध्ये आले. इथे पोलीस अधिकारी असलेल्या मेजर गंथॉर्पने मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांतात राहणाऱ्या किंवा वावरणाऱ्या 'गुन्हेगार जमातीं'वर टिपणे लिहिली आणि ती मुंबईत छापली गेली. पारधी, कैकाडी, भामटे अशी एकेक जमात घ्यायची. तिचा पेहराव, देवधर्म, चोरीची रीत, बोलीतले शब्द सांगायचे. आणि ही माणसे गावात दिसली तर काय समजावे ते अधिकाऱ्याला शिकवायचे, असा त्याचा घाट. त्याआधी अकरा वर्षे, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा झालेला होता. कायद्याने माणसाला जन्माने गुन्हेगार ठरवायचे आणि पुस्तकाने तो ओळखायचा कसा हे सांगायचे, अशी ही वाटणी होती. मुंबई इलाख्यात १९०८ मध्ये मायकेल केनेडीने असाच ग्रंथ केला. मानवशास्त्र म्हणून आज आपण हे ग्रंथ चाळतो तेव्हा ते मुळात हाताखालच्या माणसांना धडे देण्यासाठी लिहिलेले होते ह्याचा विसर पडता कामा नये.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. पुस्तके मात्र रद्द होत नाहीत. ती ग्रंथालयातून उठून सवयीत जाऊन बसतात. अमरावती-अकोल्यात फासेपारध्यांच्या बेड्यावर आजही चोरीच्या तपासासाठी गाडी आधी येते, असे त्या समाजाचे कार्यकर्ते सांगतात तेव्हा त्यात गंथॉर्पचा पाठ ऐकू येतो. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले ह्यांनी पारधी मुलांसाठी काढलेल्या शाळेला 'प्रश्नचिन्ह' हे नाव का द्यावेसे वाटले असेल, ह्याचा एक तरी धागा इथपर्यंत येतो असे मला वाटते.

आता प्रत्यक्ष शाळेकडे वळू. लॉर्ड कर्झनने १९०२ मध्ये पोलीस आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष अँड्र्यू फ्रेझर हे दीर्घकाळ मध्य प्रांतात नोकरी केलेले गृहस्थ, त्या प्रांताचे चीफ कमिशनर राहिलेले. आयोगाने पोलिसांविषयी जे लिहिले ते आजही वाचवत नाही इतके कठोर आहे: शिक्षण अपुरे, देखरेख ढिली, आणि लोकांच्या लेखी हे खाते भ्रष्ट व जुलमी. उपाय म्हणून आयोगाने फौजदाराच्या जागेवर सुशिक्षित तरुण थेट भरावेत आणि प्रत्येक प्रांतात अधिकाऱ्यांसाठी प्रशिक्षणशाळा काढावी असे सुचवले. त्यातून १९०६ मध्ये दोन शाळा निघाल्या आणि ह्या दोन्हींशी वऱ्हाडचे नाते जुळायचे होते. एक पुण्याजवळ भांबुर्ड्यास, जी १९०९ मध्ये नाशिकला गेली. दुसरी मध्य प्रांताच्या उत्तर टोकाला, सागरला.

अमरावती किंवा अकोल्याच्या होतकरू फौजदाराची वाट अर्थातच सागरकडे जाई. सागरचा किल्ला मराठ्यांच्या अमदानीतला. पेशव्यांचे सरदार गोविंदपंत बुंदेले ह्यांच्या कुळाचा त्या मुलखावर अंमल होता. मोठ्या तळ्याच्या काठी असलेल्या त्या किल्ल्यात पोलिसांची शाळा भरू लागली. म्हणजे वऱ्हाडातला मराठी मुलगा बुंदेलखंडात जाऊन, मराठ्यांनी बांधलेल्या किल्ल्यात, इंग्रजांचा कायदा शिकत होता. (स्लीमनचाही मुक्काम काही काळ सागरलाच होता, हे जाता जाता.) भोवतालची बोली बुंदेली, बाजारची भाषा हिंदी, कायद्याची इंग्रजी. ज्या भाषेत त्याला पुढची तीस वर्षे जबाब घ्यायचे होते ती ह्या सगळ्यात कुठेच नव्हती.

आणखी एक गुंता होता. वऱ्हाड हा कायद्याच्या दृष्टीने ब्रिटिश हिंदुस्थानचा भागच नव्हता. तो निजामाकडून कायमच्या पट्ट्याने घेतलेला मुलूख. त्यामुळे दंडसंहिता असो की १८६१ चा पोलीस कायदा, प्रत्येक गोष्ट इथे स्वतंत्र अधिसूचनेने 'लागू' करावी लागे. नागपूरच्या फौजदाराला जो कायदा आपोआप मिळे तो अमरावतीच्या फौजदाराला उसना मिळे. ही कटकट निस्तरायला १९४१ चा वऱ्हाड कायदेविषयक अधिनियम यावा लागला. हे तपशील रूक्ष वाटतील. पण इथला अधिकारी दोन्हीकडून, कायद्याने आणि भाषेने, परक्या पुस्तकावर शिकत होता हे त्यांतून दिसते.

तो तिथे नेमके काय शिकत असे? कवायत, बंदूक, घोडा, कायद्याची कलमे, ठाण्याच्या नोंदवह्या. यांपैकी नोंदवह्यांकडे आपण साहित्याच्या विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहायला हवे, कारण भारतीय कायद्याने पोलिसाला लिहायला लावले ते त्याच्यावर विश्वास नसताना. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमाने पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही असे ठरवले. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने तोच नियम २३ व्या कलमात ठेवला आहे. साक्षीदाराचा जबाब पोलिसाने लिहून घ्यायचा, पण त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नाही. आणि खटल्यात तो जबाब पुरावा म्हणून वापरायचा नाही, फक्त साक्षीदार कोर्टात वेगळे बोलला तर त्याला खोडून काढण्यासाठी वापरायचा. जगाच्या पाठीवर असा लेखनप्रकार विरळा असेल. बोलणारा एक, लिहिणारा दुसरा, सही कुणाचीच नाही, आणि उपयोग एकच: बोलणाऱ्याला खोटे ठरवणे.

ह्यातली खरी मेख पुढे आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १६२ व्या कलमाखाली एक स्पष्टीकरण आहे: साक्षीदाराने एखादी महत्त्वाची गोष्ट जबाबात सांगितलेली नसेल आणि ती तो कोर्टात सांगू लागला, तर ते वगळणे हीसुद्धा विसंगती मानता येते. नव्या संहितेतही ही तरतूद कायम आहे. वकिलांच्या बोलण्यात 'ओमिशन' हा शब्द येतो तो इथून. आता विचार करा. बाई अर्धा तास बोलते. लिहिणारा त्याचे एक पान करतो. त्याला जे गौण वाटले, जे समजले नाही, जे लिहायला अवघड होते, ते तो सोडून देतो. तीन वर्षांनी बाई कोर्टात तेच सगळे पुन्हा सांगते आणि बचावाचा वकील विचारतो, हे जबाबात का नाही? सोडले लिहिणाऱ्याने, खोटी ठरते बोलणारी.

वऱ्हाडीच्या बाबतीत हे किती नाजूक होऊ शकते ते पाहण्यासाठी एक उदाहरण रचून देतो. एखादी बाई सांगते आहे असे समजू: "म्या दारातून पाह्यलं. त्याच्या हातात काठी होती. माले वाटलं, आता मारीन. म्हून मी मांगच्या दारानं पयाली." वऱ्हाडात वाढलेल्या कुणालाही ह्यात काही अडणार नाही. पण 'मारीन' हे रूप पाहा. प्रमाण मराठीत ते प्रथमपुरुषी आहे: मी मारीन. वऱ्हाडीत 'तो येईन', 'पाऊस येईन' ही तृतीयपुरुषी रूपे सर्रास चालतात. इथे 'मारीन' म्हणजे 'तो मारील'. कर्ता गाळलेला असल्याने पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या नव्या उपनिरीक्षकाच्या कानावर हे वाक्य असे पडू शकते की बाईलाच मारावेसे वाटले. भीतीचा हेतू होतो. संदर्भाने चूक टळेल हे खरे. पण संदर्भ टिकतो तो बोलण्यात, टिपणात नेहमी टिकत नाही.

दुसरे उदाहरण 'ळ'चे. वऱ्हाडीत ळ-चा य होतो: डोळा-डोया, काळी-कायी. त्यामुळे 'घर जळलं' आणि 'घर जाळलं' ह्यांची रूपे 'जयलं' आणि 'जायलं' अशी होतात. अपघात आणि जाळपोळ ह्यांच्यात तेवढ्या एका स्वराचे अंतर उरते. प्रमाण भाषेतही अंतर एका स्वराचेच आहे, पण तिथे ऐकणाऱ्याचा कान तयार असतो. 'जायलं' हे ज्याला मुळात 'जाळणे'चे रूप म्हणून ओळखू येत नाही त्याच्या हातून काय निसटेल हे सांगायला नको.

उद्धव शेळके ह्यांची 'धग' (१९६०) आपल्यापैकी बहुतेकांनी अभ्यासली असेल. तिथे निवेदन प्रमाण मराठीत आणि पात्रांचे बोलणे वऱ्हाडीत आहे. दोन भाषा शेजारी राहतात, एकमेकींना गिळत नाहीत. कादंबरीकाराला अवतरणचिन्ह मिळाले आहे. जबाब लिहिणाऱ्याला ते जवळजवळ वापरताच येत नाही. 'मी वरील ठिकाणी राहत असून शेती करून कुटुंबाचा उदरनिर्वाह करतो' ह्या ठरीव वाक्याने सुरू झालेला मजकूर शेवटपर्यंत त्याच सुरात चालवावा लागतो. आणि ह्या 'मी'ला साहित्यशास्त्रात काय म्हणावे? निवेदक फिर्यादी, भाषा फौजदाराची, आणि शेवटी 'मला वाचून दाखविले, ते माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे' अशी ग्वाही. तीही फौजदाराच्याच शब्दांत.

वास्तविक दुसऱ्याचे बोलणे जपून ठेवण्याची थोर परंपरा ह्याच भूमीतली आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने चक्रधरांच्या लीळा संकलित केल्या त्या प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांकडे जाऊन, विचारून, पडताळून. महानुभाव परंपरेत एकाच प्रसंगाच्या वेगवेगळ्या आठवणी 'वासना' म्हणून सांगणाऱ्याच्या नावानिशी राखल्या गेल्या. एकाने असे सांगितले, दुसऱ्याने तसे. दोन्ही ठेवा, निवाडा वाचणाऱ्यावर सोडा. श्रद्धेचा ग्रंथ आणि पोलिसाचा कागद ह्यांची बरोबरी करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण साक्ष नोंदवताना काय करावे ह्याचा एक मराठी वस्तुपाठ सातशे वर्षांपूर्वी इथे सिद्ध होता, आणि सागर किंवा नाशिकच्या अभ्यासक्रमाला तो आपल्या कामाचा आहे असे वाटले नसावे.

१९५६ नंतर वाट नाशिककडे वळली. भाषा तरी एक झाली. १९५१ चा मुंबई पोलीस कायदा वऱ्हाडच्या ठाण्यांपर्यंत आला, १९६४ च्या अधिनियमाने मराठी राजभाषा झाली, आणि त्याआधीच, १९६२ मध्ये, भाषा संचालनालयाच्या 'पदनाम कोशा'ने नवी नावे दिली होती. अत्र्यांनी ह्या कोशाची 'बदनाम कोश' म्हणून केलेली संभावना प्रसिद्धच आहे. मराठी माणसाच्या तोंडात तीन-चार पिढ्या रुळलेला 'फौजदार' कागदावर 'पोलीस उपनिरीक्षक' झाला. गंमत अशी की फारसी-अरबी वळणाचे जुने कोठार मात्र कुणाला हलवता आले नाही: फिर्याद, जबाब, मुद्देमाल, फरार, गुन्हा. 'पंचनामा' तर अर्धा संस्कृत, अर्धा फारसी. अधिकाऱ्याचे नाव बदलले, त्याच्या लेखणीतले शब्द निजामशाही-पेशवाईपासूनचे तसेच राहिले. मला स्वतःला हे शब्द टिकले ते बरेच झाले असे वाटते. 'मुद्देमाल' वऱ्हाडातल्या खेड्यातही कळतो.

पण नाशिकची मराठी म्हणजे प्रमाण मराठी. सागरला वऱ्हाडी परकी भाषा होती. नाशिकला ती अशुद्ध भाषा झाली. यांतले कोणते अधिक वाईट, हे ठरवणे कठीण आहे. परक्या भाषेला दुभाष्या लागतो हे तरी मान्य असते. अशुद्ध भाषेला दुभाष्या लागत नाही, ती नुसती 'सुधारून' घेतली जाते. आणि ही सुधारणा करणारा पुष्कळदा बाहेरचा नसतो. शिपायांची भरती जिल्हावार होते. ठाण्यात प्रत्यक्ष लिहिणारा अंमलदार बव्हंशी त्याच जिल्ह्यातला, घरी वऱ्हाडीच बोलणारा. त्याला 'मारीन'चा अर्थ पक्का ठाऊक असतो. तरी लेखणी हातात घेतली की शाळेत मिळालेला धडा जागा होतो: असे लिहायचे नसते.

मेळघाटात तर प्रश्न वेगळ्याच पातळीवर जातो. धारणी-चिखलदऱ्याकडची कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठीशी तिचे घराणेच जुळत नाही. तिथल्या ठाण्यात कोरकू बाई फिर्याद देते तेव्हा मधे कुणीतरी सांगणारा असतो, त्याची हिंदी-मिश्रित मराठी होते, त्या मराठीचे पुन्हा दफ्तरी गद्य होते. म्हणजे कोर्टापुढे येतो तो भाषांतराच्या भाषांतराचा सारांश. तो 'ओमिशन'च्या कसोटीला लावायचा!

पोलीस शिक्षणात समाजाचा अभ्यास आला पाहिजे, ही गोष्ट अधिकृतपणे मांडणारा माणूस मराठीच होता. १९७१ मध्ये केंद्र सरकारने पोलीस प्रशिक्षणावर समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक, समाजशास्त्रज्ञ माधव सदाशिव गोरे ह्यांना दिले. विठ्ठल रामजी शिंदे आणि आंबेडकर ह्यांच्यावर पुढे ग्रंथ लिहिणारे ते हेच गोरे. समितीचा अहवाल १९७३ चा. कवायत आणि कलमे ह्यांवरचा भर कमी करून अधिकाऱ्याला माणसांचे वर्तन, समाजातील ताण, दुबळ्या गटांची स्थिती समजली पाहिजे, त्याची वृत्ती घडली पाहिजे, अशी त्याची दिशा आहे. हा अहवाल आपल्या समाजशास्त्राच्या वर्गांत फारसा वाचला जात नाही, साहित्याच्या तर नाहीच. वाचायला हवा. अर्थात गोऱ्यांचा 'समाज' हा जात, वर्ग, स्त्रिया, विद्यार्थी असा होता. त्या समाजाला बोली असते आणि ती शिकावी लागते, हा मुद्दा त्या काळच्या समाजविज्ञानाच्या कक्षेत ठळकपणे येत नव्हता.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत विशेष अभ्यासक्रमांची संख्या बरीच वाढली. गुप्तचर-तपासाच्या केंद्रीय शाळा आधीपासूनच होत्या: कलकत्त्याची पन्नाशीच्या दशकातली, हैदराबादची १९६४ ची, पुढे १९७३ मध्ये चंडीगढची. (वऱ्हाडातून निवडला गेलेला अधिकारी शास्त्रीय तपास शिकायला हैदराबादला जातो तेव्हा १९०३ मध्ये सुटलेली राजधानी पुन्हा भेटते.) १९९० मध्ये गडचिरोलीत सी-६० पथक उभे राहिले, नागपूर-अमरावती रस्त्यावरील सुराबर्डीला नक्षलविरोधी मोहिमांचे प्रशिक्षण केंद्र आले. मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यानंतर 'फोर्स वन' आले. ठसे, स्फोटके, सायबर गुन्हे, आर्थिक गुन्हे, न्यायवैद्यक अशा प्रत्येक विषयाचा वेगळा वर्ग आहे. ह्यांची गरज नाकारण्याचे कारण नाही. मात्र 'विशेष' ह्या शब्दाचा अर्थ ह्या यादीत कसा ठरला आहे तेही पाहावे. ज्याला उपकरण लागते किंवा शस्त्र लागते ते विशेष. ऐकणे हे सामान्य. ते कुणालाही येते असे गृहीत.

विदर्भातल्याच एका प्रकरणाने ह्या गृहीताचा निकाल लावायला हवा होता. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. आरोपी पोलीसच. नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलेल्या त्या दोघांना १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडले. मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, तिने आरडाओरड केली नाही, ह्यावरून संमती वाचली गेली. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार ह्या चार कायदेशिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ते पत्र म्हणजे निकालपत्राचे बारकाईने केलेले वाचनच होते: मुकाट होणे आणि मान्य करणे हे दोन वेगळे अर्थ न्यायालयाने एक कसे केले, हा त्यातला कळीचा प्रश्न. १९८३ मध्ये कायदा बदलला. आपण वर्गात मौनाचे अर्थ, गाळलेल्या जागा वगैरे बोलतो. त्या अर्थांनी कायदा हलवल्याचे असे उदाहरण घराजवळचे असताना ते अभ्यासात नसावे ह्याचे नवल वाटते.

आज अकोल्यात राज्याचे पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे, अमरावतीत राज्य राखीव दलाचा नऊ क्रमांकाचा गट आहे. म्हणजे निदान शिपायाला तरी घडवणारी जागा वऱ्हाडात आली. १९०६ ला सागरला सुरू झालेली वाट इतक्या वर्षांनी घराकडे वळली. पण रचना अशी की अधिकारी नाशिकला शिकतात, विशेष अभ्यासक्रम अधिकाऱ्यांसाठी असतात, आणि ठाण्यात लिहिण्याचे काम पुष्कळ वेळा करतो तो अंमलदार किंवा शिपाई. सही अधिकाऱ्याची, हस्ताक्षर दुसऱ्याचे. सगळ्यात जोखमीचे लेखन ज्याच्या हातून होते त्याच्या वाट्याला लेखनाचे शिक्षण सर्वांत कमी येते. जबाब कसा लिहायचा हे तो शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या जुन्या रायटरकडून शिकतो, आणि जुना रायटर त्याला ठरीव वाक्ये देतो. ही गुरुपरंपरा कोणत्याही अभ्यासक्रमापेक्षा चिवट आहे.

१ जुलै २०२४ पासून तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि राज्यभर अधिकाऱ्यांचे व अंमलदारांचे वर्ग भरले. कलमांचे नवे क्रमांक पाठ करणे हा त्यातला मोठा भाग. पण भाषेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट क्रमांकांपलीकडची आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५ व्या कलमाने झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण आवश्यक केले. जबाबाच्या ध्वनिचित्रमुद्रणाची मुभा जुन्या संहितेत २००८ च्या दुरुस्तीने आलीच होती, ती पुढे चालू आहे. १७३ व्या कलमाखाली फिर्याद तोंडी दिली तर ती लिहून घ्यायची आणि फिर्यादीला वाचून दाखवायची, हा जुना नियम आहे तसाच आहे.

म्हणजे आता एकाच प्रसंगाच्या दोन संहिता तयार होऊ लागतील. एकीत बाई 'मारीन' म्हणते. दुसरीत, कागदावर, काय म्हटले असेल ते लिहिणाऱ्यावर. बचावाचा आणि सरकारचा वकील दोघेही ह्या दोन संहिता शेजारी ठेवून वाचतील, आणि त्यांना बोलीचा जाणकार लागेल. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ २०२४ मध्ये सुरू झाले आहे; अकोल्याचे प्रशिक्षण केंद्र त्याच वऱ्हाडात आहे. दोहोंना मिळून एक साधा सराव बसवता येण्यासारखा आहे: वऱ्हाडीतला, कोरकूतला, फासेपारध्यांच्या बोलीतला ध्वनिमुद्रित जबाब प्रशिक्षणार्थ्याला ऐकवायचा, त्याला तो लिहू द्यायचा, आणि मग काय सुटले, काय 'सुधारले', काय उलटे झाले ते त्याच्यापुढे ठेवायचे. संहिता-चिकित्सा शिकवणाऱ्या कुठल्याही प्राध्यापकाला हा तास घेता येईल. त्यासाठी ठाण्याची पायरी चढावी लागेल, एवढेच.